चार्लीच्या आधीची मेबल

जळगावच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, मग कूलरसमोर बसून जुने मूकपट बघत सुटले आणि मेबल नॉर्मंड सापडली.

१९१४ ला कीस्टोन या अमेरिकन फिल्म कंपनीत चार्ली चॅप्लिन नवखा होता आणि ही तिथली स्टार, वर डायरेक्शनपण करायची, तिचं ऐकायचं म्हटल्यावर साहेब रुसले आणि शेवटी मालक सेनेटला मध्ये पडावं लागलं! एका पिक्चरमध्ये ही पायजम्यावर हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये अडकते, दार लॉक, समोर झिंगलेला चार्ली, तिचे ते डोळे बघा फक्त. आई म्हणे, "हाई पोर भलती नाटकी शे."

पुढे १९२२ च्या डायरेक्टर टेलरच्या खून प्रकरणात नाव आलं, दोष काही नाही तरी बदनामी झालीच. १९३० मध्ये टीबीने गेली, चाळिशीच्या आतच.