घराण्यात साखर असताना सवयी बदलून काय होणार?

मधुमेहाविषयी स्त्रियांशी बोलण्याची वेळ आली की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: "आईला साखर होती, मावशीला आहे, म्हणजे आम्हालाही होणारच. मग पथ्यपाणी आणि चालणे हा खटाटोप कशासाठी?" एकेकाळी हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता आणि त्याचे चुकीचे उत्तर मानून अकरा वर्षे काढली होती, म्हणून तो मला कधीही टाळावासा वाटत नाही.

माझ्या आईला चाळिशीतच मधुमेह झाला. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात माझीही साखर वाढलेली आढळली, ती मी आहार सांभाळून आटोक्यात ठेवली, आणि बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी ती नॉर्मल आल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सात ते दहापट असतो, बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करायची असते आणि त्यानंतरही आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी साखर पाहायची असते, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. अकरा वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर 114 निघाली. मधुमेहाची मर्यादा 126 आहे, पण निरोगी माणसाची साखर 100च्या आत असते.

त्या वेळी मला ज्या माहितीने जागे केले तीच मी आता प्रत्येकीला सांगते. अमेरिकेत 'डायबिटीज प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या नावाने एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. साखर माझ्यासारखीच सीमेवर असलेली 3,234 माणसे तीत होती. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या आणि निम्म्याहून अधिक जणांच्या घराण्यात मधुमेह होता. वजन 7 टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला 150 मिनिटे हालचाल करणे एवढेच लक्ष्य ज्या गटाला दिले होते, त्या गटात सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिले. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ते 31 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे आनुवंशिकता खरी आहे, परंतु ती एकटी निर्णय घेत नाही.

चालण्याने नेमके काय होते, हे कळले की त्यावर विश्वास बसतो. स्नायू आकुंचन पावत असताना रक्तातील ग्लुकोज इन्सुलिनच्या मदतीवाचूनही आत ओढून घेतात, आणि व्यायाम थांबल्यावरही पुढचे काही तास, कधी दिवसभराहून अधिक काळ, ते इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. जेवणानंतरची पंधरा मिनिटेही म्हणूनच वाया जात नाहीत. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाभोवती साचू लागते आणि स्नायू घटतात, त्यामुळे त्या वयात चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायामही हवेत. वजने उचलणे पुरुषांचे काम आहे, ही समजूत मला फार घातक वाटते.

मात्र प्रश्न विचारणाऱ्या बऱ्याच जणींना खरी अडचण असते ती वेळेची, हे मला ठाऊक आहे. सर्वांचे आवरून झाल्यावर उरलेल्या वेळेत स्वतःकडे पाहायचे, असे ठरवले तर तो वेळ उरतच नाही. आजारी पडल्यावर दवाखान्यासाठी जो वेळ घरातले सर्व जण मिळून काढतात, त्यातला थोडा आधीच मागून घेण्यात कोणताही स्वार्थ नाही, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनेच विचारले, "मग मलाही होणार का?" तिला धोका इतरांपेक्षा अधिक आहे, हे मी लपवले नाही. तिच्या वाढदिवसाच्या महिन्यात मी दरवर्षी स्वतःची साखर तपासून घेते. यंदा उपाशीपोटी 97 आली, आणि तो रिपोर्ट मी तिलाच वाचायला दिला.