कर्जतला पाऊण तास

आज कर्जतला उतरले आणि डोळ्यांदेखत खोपोली लोकलचा शेवटचा डबा निघून गेला. पुढची येईपर्यंत वडापाव, चहा आणि बाकावरची चर्चा. विषय एकच, वेळापत्रक बदलणार म्हणे! एक काका म्हणाले, "फेऱ्या वाढवा." शेजारची कॉलेजची पोरगी म्हणाली, "काका, सीएसएमटीहून येणारी गाडी दोन मिनिटं लेट झाली तर आमची खोपोली लोकल तेवढी थांबवा, बास."

मला तिचंच पटलं. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. पळसदरीपुढचा मार्ग एकेरी, फेऱ्या खूप वाढवायच्या म्हणजे आधी दुसरा रूळ हवा. पण दोन मिनिटं थांबायला रूळ कशाला लागतो? (वडा मात्र गरम होता, खोटं का बोला.)

घरी पोचले तेव्हा आईने आमटी दुसऱ्यांदा गरम करायला ठेवली होती.