नडगीची वारी

आळंदीहून निघायच्या महिनाभर आधीपासून माझी डावी नडगी दुखत होती, आणि दिंडीत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? पळून पळून पाय दुखतो म्हणून? आमची दिंडी लातूरकडची, सगळी शेतातली माणसं. पोटासाठी नाही, गाडी पकडायची नाही, तरी माणूस रोज पहाटे पळतो, हेच त्यांना अजब वाटायचं.

दुखणं माझ्याच हावरटपणाचं होतं. हाफ मॅरेथॉनची नोंदणी केली आणि आठवड्याला १८ किलोमीटर पळणारा मी तीन आठवड्यांत ३५ वर गेलो. तेही सोसायटीबाहेरच्या सिमेंटच्या रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत. आधी पळायला लागलं की दुखायचं आणि अंग तापलं की थांबायचं. मग थांबेनासं झालं. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या जरा वरपासून वीतभर.

फिजिओथेरपिस्टने अंगठ्याने हाड दाबत दाबत वर नेलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या, रात्री झोपेत ठणकतं का विचारलं. बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी कळ असती, उडीच मारता आली नसती, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घेऊन त्यांनी पुढच्या तपासणीला पाठवलं असतं. माझं तसं नव्हतं. पळणं बंद, बूट बदला, टाचा उचलण्याचा व्यायाम करा, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून. वारीचं विचारल्यावर ते जरा थांबले. म्हणाले, चाला, पण दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की त्या दिवशी दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचं.

२०२३ची वारी. पाऊस लांबलेला, ऊन मी म्हणत होतं. आळंदी ते पुणे काही झालं नाही. पुणे ते सासवड हा मात्र सगळ्यात लांबचा टप्पा, तिशीच्या पुढे किलोमीटर, त्यात दिवेघाट. शिवाय एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा. हडपसर सोडल्यावर माझ्यातला पळणारा जागा झाला. दिंडीतून बाहेर पडून मी रस्त्याच्या कडेने लांब ढांगा टाकत एकेका दिंडीला मागे टाकायला लागलो. कशासाठी, देव जाणे. घाटाच्या पायथ्याशी वाट बघत बसावं लागलं ते लागलंच.

घाट चढताना पोटऱ्या भरून आल्या आणि माथ्यावर पोचेपर्यंत नडगी सहावर गेली होती. ट्रक कधीच पुढे गेलेला. सासवडमध्ये शिरताना एका सेवेकऱ्याने मायेने पाय मांडीवर घेतला आणि तेल लावून अंगठा नेमका त्या हाडावरून फिरवला. डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, भक्तीने. पोटरी खुशाल चोळून घ्यावी, पण दुखऱ्या हाडाच्या कडेवर जोर लावू देऊ नये, हे तेव्हा कळलं.

रसवंतीवाल्याने बर्फाचा तुकडा दिला. पंच्यात बांधून, दगडाने फोडून मी तो पंधरा मिनिटं नडगीला धरून बसलो. शेजारी आमच्या दिंडीतल्या आजी. सत्तरीच्या, तेवीस वाऱ्या झालेल्या, पायात साध्या प्लास्टिकच्या चपला.

"बर्फ खायचा सोडून पायाला काय लावायलास?"

सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"मग ढांगा कशाला टाकायलास रे बाबा? पंढरपूर काय पळून चाललंय व्हय?"

फिजिओथेरपिस्ट हेच म्हणाले होते, पाऊल आखूड टाका म्हणून. पण लक्षात ठेवून पाऊल आखूड पडत नाही, शंभर पावलांत मूळ सवय परत येते. सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असल्याने पायाला आयती विश्रांती मिळाली. तिथून निघालो ते आजींनी मला टाळकऱ्यांच्या मागे ओळीतच उभं केलं. टाळ वाजतो तसं पाऊल पडतं, पुढच्याची टाच दिसत असते, ढांग टाकायला जागाच नसते. कडेने चालणंही सुटलं. रस्ता कडेला उतरता असतो, तिथे एक पाय सतत खाली पडतो. ओळीत मी मधोमध होतो. जेजुरी, वाल्हे करत लोणंदला पोचेपर्यंत दुखणं दोनच्या खाली आलं. रोज हरिपाठाच्या आधी राहुटीचा बांबू धरून टाचा उचलायचो, पंधरा-पंधराच्या तीन खेपा. पोरं मोजायची.

आजींच्या चपलांचं कोडं मात्र मला बरेच दिवस होतं. इतकं चालून त्यांना काही कसं होत नाही? हाड भाराला सरावतं, पण सावकाश. त्यांचं वर्षभर बांधावरून, डोक्यावर ओझं घेऊन चालणं होतं. माझे तीन आठवडे त्यापुढे काय!

माळशिरसहून वेळापूरला जाताना धावा होतो. तुकोबांना इथून कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून सगळे वारकरी त्या उतारावरून पंढरीच्या दिशेने पळतात. उतारावर नडगीला हिसका बसतो तसा सपाटीवर बसत नाही. सगळ्या दिंडीत पळायचा सराव असलेला मी एकटा, आणि मीच उभा. आजींनी ओचा खोचला, गाठोडं माझ्या हातात कोंबलं आणि "माउली!" म्हणून सुटल्या. धुळीत त्यांची हिरवी पाठ थोडा वेळ दिसली, मग तीही नाही.

मी गाठोडं काखोटीला मारून मुंगीच्या पावलांनी उतरलो. त्या खाली रस्त्याकडेला धापा टाकत बसल्या होत्या, एक चप्पल हातात.

"आलं का आमचं पळणारं?"