शेवटचे दोन मिलिग्रॅम

अफूच्या जातीची नशा सुटावी म्हणून देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आठ मिलिग्रॅमवरून दोनवर आणणं बऱ्याच जणांना जमतं. दोनवरून शून्यावर येताना टर्की (नशा तुटल्यावर अंगाला होणारा त्रास) लागते, झोप उडते, आणि माणूस स्वतःलाच बोल लावत बसतो की आपल्यातच दम नाही. दम असतो हो, डोस उतरवण्याचं गणित चुकलेलं असतं. हे लिखाण त्या गणिताबद्दल आहे आणि तेही थोड्या दिवसांच्या वापरापुरतं. म्हणजे गर्द (हेरॉइन), कोडीनचं खोकल्याचं सिरप किंवा ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी सुटावी म्हणून काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने ब्युप्रेनॉर्फिन चालू होतं आणि आता डॉक्टरांशी बोलून ते बंद करायचं ठरलं आहे. वर्षानुवर्षं सुईने नशा केलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे वाचून गोळी कमी करायला घेऊ नये. त्यांच्यासाठी गोळी चालू ठेवणं हाच सहसा सुरक्षित उपचार असतो. मेथाडोन या तशाच दुसऱ्या औषधाची चाल वेगळी आहे, ते इथे घेतलेलं नाही.

मेंदूतले ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूच्या जातीची औषधं जिथे चिकटतात त्या जागा, लोकलच्या डब्यातल्या सीटा समजा. ब्युप्रेनॉर्फिन या सीटा घट्ट धरून बसतं आणि सहज उठत नाही. १६ मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के सीटा भरतात. डोस २ मिलिग्रॅमवर आला तरी सुमारे ४० टक्के भरलेल्याच असतात. थोडक्यात, सोळावरून दोनवर येताना जेवढा डबा रिकामा होतो, जवळपास तेवढाच दोनवरून शून्यावर येताना होतो. वरच्या टप्प्यात दोन मिलिग्रॅम उडवले तर कळतही नाही, खाली तेच दोन म्हणजे उरलेलं सगळं.

म्हणून कपात मिलिग्रॅममध्ये मोजू नका, टक्क्यांत मोजा. आठावरून सहा म्हणजे २५ टक्के, सहावरून चार म्हणजे ३३ टक्के, चारवरून दोन म्हणजे थेट निम्मं. इथपर्यंत शरीर सहसा सांभाळून घेतं, आणि चारवर कुरकुर झाली तर मध्ये तीनचा थांबा घेता येतो. दोनच्या खाली मात्र ०.४ मिलिग्रॅमच्या गोळ्या लागतात. आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिन ०.२, ०.४ आणि २ मिलिग्रॅममध्ये येतं, नॅलोक्सोन (अफूच्या जातीची नशा उतरवणारं औषध) मिसळलेल्या गोळीतही लहान ताकद आहे. व्यसनमुक्ती केंद्रावर फक्त २ मिलिग्रॅमचीच गोळी हातात पडली तर तिथेच विचारा, कारण ब्लेडने गोळीचे पाच सारखे तुकडे कुणालाच करता येत नाहीत. एके दिवशी ०.३ पडतं, दुसऱ्या दिवशी ०.६, आणि दोष टेपरला, म्हणजे पायरीपायरीने डोस उतरवण्याला, लागतो. खालची शिडी साधारण अशी असते: १.६, १.२, ०.८, ०.४, मग ०.२. शेवटी हवं तर ०.२ एक दिवसाआड, कारण औषध शरीरात बराच वेळ टिकतं. थोड्या दिवसांच्या वापरात प्रत्येक पायरीवर चार ते सात दिवस पुरतात. दोन आठवड्यांपेक्षा कमी वापर असेल तर डॉक्टर हे सगळं आठ-दहा दिवसांत आटपतात, तेही चालतं. त्रास झाला तर आहे त्याच पायरीवर आणखी आठवडाभर थांबा. मागे जायची वेळ क्वचित येते, आणि आली तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

डोस कोणत्या वारी उतरवायचा यावर फार कुणी बोलत नाही. या औषधाचा अर्धा साठा निघून जायला साधारण दीड दिवस लागतो, त्यामुळे आज कमी केलेलं आज जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवतं. सोमवारी उतरवलं तर बुधवारी सकाळी ८.१० च्या गाडीत, मुंब्र्यापासून दाराशी चेंगरलेल्या अवस्थेत पोटात कळ येणार. गुरुवारी उतरवा, म्हणजे वाईट दिवस शनिवार-रविवारी घरात निघतात. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी या कारखान्यांच्या पट्ट्यात ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यांनी रात्रपाळी चालू होते त्या आठवड्यात पायरी उतरू नये. झोप आधीच मोडलेली असताना कुठला त्रास कशामुळे, हे कळत नाही. गणपतीचे दिवस, गावची जत्रा, घरातलं लग्न, हे आठवडेही टाळलेले बरे.

गोळी घेण्याची पद्धत चुकली तर सगळी शिडीच हलते. ही गोळी जिभेखाली विरघळायची आहे. गिळली तर यकृतातून जाताना बहुतेक औषध निकामी होतं, आणि तुमच्या कागदावर १.२ लिहिलेलं असताना रक्तात बरंच कमी पोचतं. आधी घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं करा. मग पाच-दहा मिनिटं बोलणं नको, चहा नको, थुंकणं तर नकोच. तंबाखू किंवा मावा तोंडात ठेवून गोळी घेणाऱ्यांचा डोस रोज वेगळा पडतो, हे आपल्या भागात अगदी सर्रास दिसतं. पूर्ण विरघळली की पाण्याने चूळ भरून गिळा, ब्रश मात्र तासाभराने. या गोळीने दात किडतात म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२२ साली इशारा दिला होता. घरी नेलेल्या गोळ्या कुलपात ठेवा. लहान मुलाच्या तोंडात एक जरी गेली तरी श्वास थांबू शकतो.

उतरताना काय होतं? जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा, घाम, पाय स्वस्थ न राहणं, पोटात मुरडा, जुलाब, आणि झोप नाही. गर्दची टर्की ८-१२ तासांत येते आणि आदळते. ब्युप्रेनॉर्फिनची उशिरा येते, सौम्य असते, पण लांबते. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवस काहीच होत नाही, मग चौथ्या दिवशी सुरू होतं, तेव्हा लोकांना वाटतं सुटलो होतो आणि आता दुसराच आजार झाला. आजार नसतो, तीच टर्की असते.

घाम, धडधड आणि बेचैनीसाठी डॉक्टर क्लोनिडिन देतात, १०० मायक्रोग्रॅमची गोळी. ती घेण्याआधी बीपी बघायचं, ९०/६० च्या खाली असेल तर तो डोस सोडायचा. मे महिन्याच्या उकाड्यात घाम आणि जुलाब दोन्ही चालू असतील तर झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून ओआरएस आधी. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात अर्धं नाही. जुलाबासाठी लोपरामाइड पहिल्यांदा दोन गोळ्या, म्हणजे ४ मिलिग्रॅम, नंतर दर जुलाबाला एक. डॉक्टरांना न विचारता दिवसात ८ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नका. टर्की दाबायला मूठभर लोपरामाइड घेणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके बिघडतात. अंगदुखीला पॅरासिटामॉल.

झोपेसाठी शेजाऱ्याकडून आणलेली अल्प्राझोलम किंवा तसलीच ‘झोपेची गोळी’, आणि वर दारू, हे सगळ्यात धोक्याचं. ब्युप्रेनॉर्फिन एकट्याने श्वास फारसा दाबत नाही, या जोडीत मात्र दाबतं. झोप हवी असेल तर डॉक्टरांकडे वेगळी औषधं आहेत, ती मागा.

आता जरा कडू भाग. अमेरिकेत झालेल्या आणि २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ५१६ जणांचं ब्युप्रेनॉर्फिन सात दिवसांत किंवा २८ दिवसांत उतरवलं. टेपर संपला त्या दिवशी सात दिवसवाल्यांपैकी ४४ टक्के आणि २८ दिवसवाल्यांपैकी ३० टक्के लोकांच्या लघवीत नशा नव्हती. तीन महिन्यांनी दोन्ही गट १२-१३ टक्क्यांवर. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातले ६५३ जण होते. दोन आठवडे गोळी देऊन पुढच्या दोन आठवड्यांत उतरवली, तेव्हा जेमतेम ६.६ टक्के टिकले. ज्यांना परत १२ आठवडे गोळी दिली, त्यातले ४९ टक्के गोळी चालू असेपर्यंत ठीक होते. माझं मत यावरूनच बनलं आहे: वेळापत्रक सुबक असण्यापेक्षा शून्यानंतरच्या आठवड्यांची सोय महत्त्वाची, आणि घरच्यांनी ‘अजून गोळीच घेतोयस का?’ म्हणून घाई करणं सगळ्यात महागात पडतं.

ती सोय शेवटची पायरी उतरण्याआधीच करायची. शून्यानंतर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यातली ओपीडीची तारीख केसपेपरवर लिहून घ्या. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय, कळव्यात छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीत महापालिकेचं रुग्णालय ही सरकारी दारं आहेत. ब्युप्रेनॉर्फिन मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल अशी अपेक्षा धरू नका, कुठल्या केंद्रात कोणती ताकद मिळते ते आधी फोनवर विचारा. रात्री-बेरात्री बोलायला १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाइन आहे.

ओढ फार असेल तर डॉक्टर नाल्ट्रेक्सोन सुचवतात, रोज ५० मिलिग्रॅम. ते सीटा अडवून ठेवतं, त्यामुळे घाईने घेतलं तर उरलेल्या ब्युप्रेनॉर्फिनला ढकलून जबर टर्की आणतं. म्हणून शेवटच्या गोळीनंतर साधारण सात ते १४ दिवस थांबावं लागतं. मध्ये पाय घसरला तर लपवू नका. गोळी बंद होऊन काही दिवस झालेले असताना गर्द घेतला आणि लगेच ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली टाकलं, तर तशीच टर्की उसळू शकते. निदान १२ तास जाऊन नाक वाहायला, काटा यायला लागल्यावरच, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

घरच्यांनी एवढं पाठ करून ठेवावं: शून्यावर आल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचीच पुडी आता जीव घेऊ शकते. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घरघर आणि हलवूनही जाग नाही, असं दिसलं तर १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, श्वास अगदी मंद असेल तर तोंडाने श्वास द्या, आणि गाडी आल्यावर नॅलोक्सोनचं इंजेक्शन आहे का विचारा. पाणी पाजू नका, थंड पाण्याखाली धरू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण नॅलोक्सोनचा असर आधी उतरतो आणि नशा पुन्हा वर येते.