ग्लिनडूर्स वे: चालणं सोपं, मुक्काम मिळवणं अवघड

ग्लिनडूर्स वे ही मध्य वेल्समधली १३५ मैलांची वाट. नाइटनला सुरू होते, पश्चिमेला मखंथ्लेथपर्यंत जाते आणि वळून वेल्शपूलला संपते. आम्हाला निघालो तिथेच परत यायचं होतं, म्हणजे गाडी नाइटनलाच ठेवता येते. वेल्शपूलजवळ बटिंग्टनला ऑफाज डाइक पाथ हा दुसरा लांब पल्ल्याचा पायी मार्ग भेटतो. तो धरून दक्षिणेला तीसेक मैल आलं की वर्तुळ पूर्ण. नकाशे आणले, बूट होतेच, रजा मंजूर झाली.

मग आली ती एक रात्र. थ्लानिड्लोइस ते मखंथ्लेथ हे अंतर आमच्या पायांना एका दिवसात झेपणारं नव्हतं. मध्ये डलिवे. एके काळी तिथे शिशाच्या खाणी होत्या, माणसांची वर्दळ होती. आता जेमतेम काही घरं. त्या परिसरात जिथे खोली दिसली तिथे विचारलं. एकाचं उत्तरच नाही. दुसरीकडे खोली होती, पण शनिवारी किमान दोन रात्री घ्यायलाच हव्यात म्हणे. अहो, आम्ही चालत येणार, सकाळी उठून पुढे जाणार, दुसऱ्या रात्री त्या खोलीत झोपणार कोण, आमच्या सॅक? सगळं नीट समजावून लिहिलं, तर तोच नियम पुन्हा आला, या वेळी ठळक अक्षरांत. मी चिडून दोन्ही रात्रींचे पैसे भरायला निघालो होतो, बायकोने अडवलं.

'तंबू घेऊ' असं मीच म्हटलं. पण सह्याद्रीत गावातल्या देवळात विचारून पथारी टाकायची सवय इथे चालत नाही. वेल्समध्ये वाटेवरून चालायचा हक्क आहे, वाटेशेजारी झोपायला जमीनमालकाची परवानगी लागते. म्हणजे पुन्हा फोन आलेच.

शेवटी वैतागून सगळं बुकिंग बाजूला ठेवलं आणि उलटीकडून सुरुवात केली. आधी डलिवेची रात्र आठवड्याच्या मधल्या वारी बसवली आणि तिच्यावरून निघायची तारीख ठरवली. मेल न करता संध्याकाळी थेट फोन लावला. वाटेपासून लांब राहणाऱ्या एका बाई म्हणाल्या, संध्याकाळी गाडीने घ्यायला येते, सकाळी त्याच फाटकापाशी सोडते. मी फोनवरच तीनदा थँक्यू म्हटलं. बाकीच्या रात्री त्यानंतर भराभर लागल्या.

शाकाहारी असाल तर तेही त्याच फोनवर सांगा, आणि दुसऱ्या दिवशीचा डबा मिळेल का तेही विचारा. दुकानं फार लांब लांब आहेत. पाय बोलायला लागले तर मखंथ्लेथ आणि वेल्शपूल दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत, तिथून अर्धी वाट सोडता येते. नाइटन मात्र वेगळ्या मार्गावर, हार्ट ऑफ वेल्स लाइनवर. तिथे दिवसाला मोजक्याच गाड्या, म्हणून रेल्वेने जाणार असाल तर शेवटच्या दिवशीची गाडी आधी बघा.