चार तारे आणि एक स्टेपलर

परवा भाच्याचा स्टँडअप कॉमेडीचा ओपन माइक बघायला गेले होते, कर्वेनगरातल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर. प्रत्येकाला पाच मिनिटं. समोर वीस-बावीस डोकी, त्यातली निम्मी स्वतःचा नंबर यायची वाट बघणारी, ती कसली हसतायत, ती मनातल्या मनात आपापलं पाठ करत बसलेली. भाच्याचा पार्किंगचा जोक मस्त चालला, सासूबाईंचा पडला (लग्न झालेलं नाही त्याचं, पण असो). नंतर चहा पिताना म्हणतो, मावशी, आपल्याकडे स्टँडअपचं परीक्षण कोणी का लिहीत नाही गं?

खरंच की. मी रविवारच्या पुरवणीतली नाट्यपरीक्षणं वाचत मोठी झाले, 'नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक' हे वाक्य कुठल्याही नाटकाला चिकटवलं तरी चालायचं. पण माइक घेऊन एकटा उभा राहणारा माणूस आपल्या पेपरात येतो कधी, तर कोणाच्या तरी भावना दुखावल्या की. मग थेट पहिल्या पानावर, आणि जोक बरा होता की टुकार हे त्या बातमीत शेवटपर्यंत कळत नाही.

ब्रिटनमध्ये याचा अख्खा कारखाना आहे. एडिंबरामध्ये 1947 साली आठ नाटक मंडळ्या मोठ्या महोत्सवाला आमंत्रण नसताना जाऊन थडकल्या, त्यातून फ्रिंज नावाचा वेगळा महोत्सव सुरू झाला, आणि आता दर ऑगस्टमध्ये कॉमेडियन लोक तासाभराचा शो घेऊन तिथे जातात, बरेचसे पदरचे पैसे घालून. पेपरवाले, वेबसाइटवाले येऊन परीक्षण लिहितात आणि पाचपैकी तारे देतात. चॉर्टल नावाची साइट तर 2000 पासून कॉमेडीवरच चालू आहे. चार-पाच तारे मिळाले की लोक कागदाच्या पट्ट्या छापून आणतात आणि उरलेल्या पत्रकांवर स्टेपल करत बसतात, मग तीच पत्रकं रस्त्यात उभं राहून वाटायची. तीन तारे म्हणजे सगळ्यात वाईट, शिव्या पण नाहीत आणि छापता पण येत नाही. परीक्षणातला एखादाच गोड शब्द उचलून पोस्टरवर टाकायचा हाही जुना धंदा. स्ट्युअर्ट ली हा कॉमेडियन मात्र उलटा माणूस, त्याने स्वतःला पडलेल्या शिव्याच जाहिरातीत वापरल्या. पुणेरी पाट्या लिहिणाऱ्याला हा गडी लगेच कळेल.

1981 पासून तिथे कॉमेडीचं मोठं बक्षीस आहे, 2023 मध्ये ते अहीर शाह या कॉमेडियनला मिळालं, आणि ही बातमी 'बक्षीस मिळालं' म्हणून छापून आली, 'वाद पेटला' म्हणून नाही!

अर्थात तिथले पेपर काही संत नाहीत. 2008 ला कॉमेडियन रसेल ब्रँड आणि टीव्ही निवेदक जोनाथन रॉसने बीबीसी रेडिओच्या कार्यक्रमात अँड्र्यू सॅक्स या म्हाताऱ्या नटाच्या फोनवर त्याच्या नातीवरून घाणेरडे निरोप ठेवले. घाणेरडेच होते, त्यात वाद नाही. पण कार्यक्रम लागला तेव्हा तक्रारी किती, तर दोन. आठवड्याने मेल ऑन संडे या पेपरने बातमी केली आणि आकडा 40,000 च्या वर गेला, म्हणजे ज्यांनी ऐकलंच नव्हतं तेही दुखावले. बीबीसीला दीड लाख पौंड दंड. हे वाचताना मला अगदी आपल्या गल्लीत असल्यासारखं वाटलं.

आणि कॉमेडियन फ्रँकी बॉइल. डेली मिरर या पेपरने त्याला वंशवादी म्हटलं, तो कोर्टात गेला आणि 2012 मध्ये जिंकला, पन्नास हजार पौंडांहून जास्त. तोंडाने इतका फाटका माणूस अब्रूसाठी कोर्टात जातो याचीच मला गंमत वाटते.

एक योगायोग सापडला. रंगमंचावरची सेन्सॉरशिप ब्रिटनने 1968 मध्ये काढून टाकली, आणि आपलं बालगंधर्व उभं राहिलं तेही 1968 लाच. आपल्याकडे नाटकाची संहिता अजून सेन्सॉर मंडळाकडे पाठवावी लागते. भाच्याला हे सांगितलं तर म्हणे, चांगलंय की, निदान कोणीतरी वाचतं.

मग म्हटलं चला, आपणच लिहू परीक्षण. रात्री व्हॉट्सॅपवर पाठवलं: पार्किंगची दोन मिनिटं धमाल, उरलेली तीन मिनिटं मी कोल्ड कॉफीचे भाव वाचत होते, तीन तारे. निळी टिक आली, उत्तर नाही. सकाळी त्याचा स्टेटस बघितला तर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'धमाल!' आणि खाली, एका ज्येष्ठ समीक्षकाचं मत.

ज्येष्ठ म्हणे. एक तारा कापणारे मी.