आमची वाटचाल : पॉलिश पेपर ते ओला फडका

आम्ही सुरू केलं ते इस्त्री रिपेअरिंग. मी आणि धाकटा भाऊ, एक टेबल, एक मल्टीमीटर, थर्मोस्टॅट (ताप ठरलेल्या पातळीवर ठेवणारा भाग) आणि एलिमेंटचा (तापणारी तार) डबा, बस. वाटलं लोक बंद पडलेल्या इस्त्र्या आणतील, पण यायच्या त्यातल्या कितीतरी मस्त तापायच्या, फक्त खालची प्लेट काळी झालेली आणि कपड्याला चिकटतेय एवढीच तक्रार.

मग आम्ही पण सगळे करतात तेच केलं, पॉलिश पेपर मारला. जुन्या जड इस्त्रीवर, जिला कोटिंग बिटिंग काही नसतं, ते खपून गेलं. नंतर एका काकूंची नॉनस्टिक आली, भावाने तिलाही तसंच घासलं, काळं गेलं आणि सोबत कोटिंगही गेलं. चार दिवसांत काकू परत दारात, आता तर आधीपेक्षा जास्त अडकतेय म्हणे. प्लेट आमच्या खर्चाने बदलून दिली. भावाचं अजूनही म्हणणं आहे की पेपर बारीकच होता. असो.

तेव्हापासून आधी बघतो डाग कशाचा आहे. तपकिरी थर असेल तर बहुतेक स्टार्च, त्याला कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकून फडका भिजवायचा, बंद थंड इस्त्री त्यावर उभी न ठेवता आडवी ठेवायची, अर्ध्या तासात थर फुगतो आणि पुसला जातो, जोर लावायची गरजच नाही. वितळलेलं कापड असेल तर उलट, इस्त्री जराशी गरम करायची, मऊ झालं की लाकडी पट्टीने ढकलायचं आणि उरलेलं जाड सुती कापडावर फिरवून काढायचं. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, डायलवरच्या तीन ठिपक्यांवर (जितके ठिपके जास्त तितका ताप जास्त) प्लेट साधारण २०० डिग्रीला असते आणि पॉलिएस्टर वितळतं २५० च्या आसपास, मऊ पडतं त्याच्या खूप आधी. म्हणजे एका ठिपक्यावर ठेवूनही असं कापड वितळत असेल तर दोष कापडाचा नाही, थर्मोस्टॅट गेलाय, नुसती प्लेट साफ करून देऊन काय उपयोग.

पॅरासिटामॉलची गोळी घासायची ट्रिक खरंच चालते. ती १७० डिग्रीच्या आसपास वितळते आणि जळका थर सुटतो. पण आम्ही स्टीलच्या प्लेटवरच करतो, तेही शेवटचा उपाय म्हणून, गोळी चिमट्यात धरून आणि खिडकी उघडी ठेवून, कारण धूर होतो आणि बोट भाजतं (विचारू नका कसं कळलं).

स्टीमवाल्यांची कथाच वेगळी. भोकांत क्षार बसतात, व्हिनेगरने विरघळतात खरे, पण काही कंपन्या पुस्तिकेत व्हिनेगर नको असं स्पष्ट लिहितात, म्हणून आधी पुस्तिका मागतो. खाण्याच्या सोड्याची पेस्ट आम्ही भोकांच्या जवळ नेत नाही, एकदा ती आत राहिली आणि गिऱ्हाइकाच्या काळ्या शर्टवर वाफेसोबत पांढरं पाणी उतरलं. त्यानंतर प्रत्येक इस्त्री देण्याआधी जुन्या चादरीच्या दोन तुकड्यांवर फिरवून बघतो, एक पांढरा, एक काळा.

पॉलिश पेपर अजून आहे ड्रॉवरमध्ये, जुन्या जड इस्त्र्यांसाठी. किल्ली माझ्याकडे असते.